रीस्टार्ट मारण्याआधी पंचनामा!

दोन-एक महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारची गोष्ट. सकाळचा दुसरा चहा झालेला, बाहेर पावसाची रिपरिप, आणि मी लॅपटॉपचं झाकण उघडून बसलो. टर्मिनल रात्रीपासून उघडंच होतं. नेट चालू आहे का बघायला एक साधी आज्ञा टंकली... आणि ती परत आलीच नाही. कंट्रोल-सी मारला. ढिम्म! दुसरी खिडकी उघडली, तीही तशीच. माउसचा बाण मात्र मजेत इकडून तिकडे फिरत होता. पाच मिनिटांत अख्खा डेस्कटॉप गोठला.

रूममेट मागून डोकावला. तोही आयटीवालाच. त्याचं निदान एका सेकंदात तयार. "हँग झालंय रे. रीस्टार्ट मार ना! आणि तुला कितीदा सांगितलं, ती बीटा-फिटा कशाला टाकतोस?"

मंडळी, या दोन वाक्यांत आपल्या अख्ख्या इंडस्ट्रीचं तत्त्वज्ञान आलं बघा. एक, बंद पडलं की रीस्टार्ट. दोन, नवीन काही वापरूच नये, आधी बाकीच्यांनी ठेचा खाव्यात, मग आपण शहाणे होऊन यावं. आजचा लेख या दोन्ही वाक्यांविरुद्ध आहे. जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझ्या घरच्या लॅपटॉपवर मी एका लिनक्स वितरणाची डेव्हलपमेंट आवृत्ती चालवतो. म्हणजे जी अजून प्रकाशित झालेली नाही, जिच्यात रोज नवी पॅकेजेस येऊन पडतात, आणि जिचा कर्नलसुद्धा 'आरसी' असतो, म्हणजे रिलीज कँडिडेट. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात. मग दार बंद. त्यानंतर दर रविवारी एक आरसी, असे सात किंवा आठ. या सहा-सात आठवड्यांत एकच काम असतं, काय काय मोडलंय ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. आता शोधणार कोण? कर्नल लिहिणाऱ्यांकडे जगातला प्रत्येक लॅपटॉप नसतो. तुमच्याकडे असलेलं ते विशिष्ट वायफाय कार्ड, तो विशिष्ट बायोस, आणि झाकण बंद करून बॅगेत कोंबायची तुमची सवय, हे सगळं एकत्र फक्त तुमच्याकडेच असतं. म्हणून कुणीतरी हे आधी वापरावं लागतं. ते 'कुणीतरी' नेहमी दुसऱ्याच देशातलं का असावं, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जरा जास्त बोचणारा आहे, आणि तो मी आधी स्वतःला विचारलेला आहे.

मी काही जन्मापासून असा नव्हतो. मीसुद्धा रीस्टार्टवालाच. गेल्या वर्षी आमच्या हापिसात एका क्लायंटचा सर्व्हर रात्री दोनच्या सुमाराला हँग झाला. शिफ्टला होती आमच्या टीममधली एक मुलगी, कॉलेजातून येऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. तिनं मला फोन केला. "दादा, सर्व्हरवर लॉगिनच होत नाहीये. पिंग मात्र होतंय. काय करू?" मी अर्ध्या झोपेत. म्हटलं, "रीस्टार्ट मार आणि झोप." रनबुकमध्येही पहिली पायरी तीच होती. तिनं मारला. सर्व्हर आला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा रीस्टार्ट. तिसऱ्यांदा झालं ते नेमकं महिनाअखेरीला, मोठा बॅच जॉब चालू असताना. रीस्टार्टमुळे तो अर्धवट तुटला आणि सकाळचे सहा तास निस्तरण्यात गेले.

क्लायंटनं आरसीए मागितला. मूळ कारण काय ते लेखी द्या. आम्ही लॉग काढला. शेवटची ओळ एका नेहमीच्या हेल्थ-चेकची, त्याखाली थेट पुढच्या बूटची पहिली ओळ. मध्ये काही नाही. तीनदा हँग झालं आणि तिन्ही वेळा आम्ही स्वतःच्या हातानं पुरावा पुसला होता. पण आरसीएच्या फॉर्ममध्ये 'माहीत नाही' हा पर्याय नसतो. मग मीटिंगमध्ये हळूहळू एक कारण आकाराला आलं: 'बॅच चालू असताना केलेला अनियोजित रीस्टार्ट'. रीस्टार्ट कुणाच्या लॉगिननं झाला? तिच्या. झालं, मिळालं मूळ कारण! मी त्या मीटिंगमध्ये होतो. "रनबुकमध्ये तसंच लिहिलंय" इतकं पुटपुटलो. पहिल्या रात्री 'रीस्टार्ट मार' मी सांगितलं होतं, हे काही बोललो नाही. तीन महिन्यांनी तिनं पेपर टाकला. दुसरीकडे चांगली ऑफर होती असं ती म्हणाली, खरंही असेल. पण मला तो लॉग अजून दिसतो.

रस्त्यात दोन गाड्या धडकल्या तर पोलीस येईपर्यंत गाड्या हलवत नाहीत. खडूनं खुणा करतात, मापं घेतात, पंच बोलावतात, मग रस्ता मोकळा. आपल्याकडे संगणक मेला की पहिलं काम प्रेत जाळायचं, आणि मग राखेकडे बघत कारण काय असेल यावर दोन तास कॉल.

आता तुम्ही म्हणाल, हँग झालेल्या मशीनचा पंचनामा करणार कसा? ते हँग आहे ना? हाच तर मोठा गैरसमज. 'हँग' हा एक आजार नाही, ते लक्षण आहे. 'ताप आलाय' म्हटल्यावर डॉक्टर मलेरिया की टायफॉइड विचारतो की नाही? तसंच आहे हे. माझ्या अनुभवात चार मुख्य प्रकार.

पहिला, फक्त पडदा गोठलेला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा डेस्कटॉप अडकलाय, आत मशीन ठणठणीत. दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचनं आत शिरता येतं. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का हेही लोक बघतात. लागला तर जीव आहे. पण नाही लागला म्हणून मेलं असं समजू नका, कारण दिवा लावायचं काम बऱ्याचदा त्या गोठलेल्या डेस्कटॉपकडेच असतं.

दुसरा, मेमरी संपलेली. डिस्क सतत चालू, पंखा बोंबलतोय, आणि माउस दर दहा सेकंदांनी एक उडी मारतो. हे हँग नव्हेच, ही दमछाक आहे.

तिसरा, प्रक्रिया कुलपापाशी अडकलेल्या. प्रक्रियांच्या यादीत त्यांच्यापुढे 'डी' अक्षर दिसतं. या अवस्थेतली प्रक्रिया किल केली तरी मरत नाही. सीपीयू निवांत, पण लोड अॅव्हरेज चढतंच जातं, कारण लिनक्स या ताटकळणाऱ्यांनाही लोडमध्ये मोजतं. अशी एखादी प्रक्रिया १२० सेकंद अडकली तर बहुतेक वितरणांचा कर्नल स्वतःहून लॉगमध्ये तशी तक्रार लिहितो. तुम्ही दोन मिनिटं धीर धरलात तर!

चौथा, खरा लॉकअप. एखादा सीपीयू कर्नलमध्येच गोल गोल फिरतोय आणि दुसऱ्या कुणाला संधीच देत नाही. साधारण २० सेकंद असं झालं की 'सॉफ्ट लॉकअप'चा इशारा येतो. इंटरप्टसुद्धा घेणं बंद झालं तर 'हार्ड लॉकअप'. याच्याही पलीकडे हार्डवेअरच मान टाकतं, तिथं मात्र हात टेकावे लागतात.

आणि जवळजवळ या सगळ्यांसाठी कीबोर्डवर एक मागचं दार आहे. 'सिसआरक्यू', म्हणजे बहुतेक लॅपटॉपवर प्रिंट-स्क्रीनचं बटण. ऑल्ट आणि हे बटण दाबून धरायचं आणि एक अक्षर दाबायचं. 'डब्ल्यू' दाबलं की अडकलेल्या सगळ्या प्रक्रिया कुठे अडकल्यात त्याची यादी कर्नल लॉगमध्ये ओततो. 'एल' दाबलं की प्रत्येक चालू सीपीयू या क्षणी काय करतोय ते. मग 'एस'नं डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून घ्या, 'यू'नं फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरत्या करा, आणि शेवटी 'बी'नं रीस्टार्ट. हो, रीस्टार्ट शेवटी मीही मारतोच. भांडण रीस्टार्टशी नाही, तो पहिल्या नंबरावर असण्याशी आहे.

अट एकच, ही तयारी आधी करावी लागते. बहुतेक वितरणांत सिसआरक्यूचं दार अर्धवटच उघडं असतं, ते पूर्ण उघडून ठेवा. लॉग मेमरीत नाही, डिस्कवर राहील असं बघा. हँगमध्ये डिस्कच अडकत असेल तर नेटकन्सोल लावा, म्हणजे कर्नलचे संदेश केबलवरून थेट दुसऱ्या मशीनकडे जातात (वायफायवर याचा सहसा उपयोग नाही). लॉकअप होत असेल तर 'लॉकअप झाला की पॅनिक कर' ही सेटिंग चालू करा आणि केडंप लावून ठेवा. मग मरताना कर्नल आपली मेमरी डिस्कवर ठेवून जातो. हे सगळं लावायला एक संध्याकाळ पुरते. आपण ती कुठल्याही फालतू वेबसिरीजला देतोच की.

तर त्या शनिवारी मी रूममेटला म्हटलं थांब, आणि 'डब्ल्यू' दाबलं. मग 'एस', 'यू', 'बी'. मशीन वर आल्यावर मागच्या बूटचा लॉग उघडला. अकरा प्रक्रिया अडकलेल्या, त्यातल्या दहा एकाच कुलपापाशी. नेटवर्कच्या सेटिंगला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कर्नलमध्ये एक मोठं सामायिक कुलूप घ्यावं लागतं, ते हे. आणि अकरावी? तिच्याकडेच किल्ली! ती होती झोपेतून उठणाऱ्या वायफाय ड्रायव्हरची. तिनं कुलूप घेतलं होतं आणि ती एका रांगेतलं काम संपायची वाट बघत होती. ते काम सुरू व्हायला हवं होतं... तेच कुलूप.

सरकारी हापिसात गेला असाल तर हे लगेच कळेल. एक नंबरची खिडकी म्हणते, दोन नंबरचा शिक्का आणा. दोन नंबर म्हणतो, आधी एक नंबरची सही आणा. तुम्ही मध्ये उभे, तुमच्यामागे रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण समजतो की हापिस बंद आहे. यालाच डेडलॉक म्हणतात. मशीन मेलेलं नव्हतं. दोन कारकून एकमेकांकडे बघत बसले होते.

कारण कळलं, पण हे मोडलं कधी? बूट मेनूतून जुना कर्नल निवडून बघितला, तिथे सगळं ठीक. म्हणजे नव्या आवृत्तीतल्या कुठल्या तरी बदलानं हे आलेलं. असे बदल किती? एका आवृत्तीत दहा हजारांच्या वर सहज असतात. घाबरू नका, इथे गिटचं 'बायसेक्ट' कामाला येतं. मोल्सवर्थच्या जाडजूड कोशात शब्द शोधताना आपण मधोमध उघडतो, मग अर्धा भाग सोडून देतो, उरलेल्याच्या पुन्हा मधोमध. तसंच हे. मधल्या बदलावर कर्नल बांधा, चालवून बघा, 'चांगला' की 'वाईट' सांगा. दोनाचा चौदावा घात १६,३८४. म्हणजे १४ फेऱ्यांत गुन्हेगार हातात.

मी उत्साहानं सुरू केलं. एकेक कर्नल बांधायला चाळीस मिनिटं. बांधला की लॅपटॉप तीनदा झोपवायचा-उठवायचा, हँग नाही झाला की 'चांगला'. दोन दिवसांनी बायसेक्टनं निकाल दिला. गुन्हेगार कोण? एका मजकुराच्या फाइलमधली शुद्धलेखनाची दुरुस्ती! :-) रूममेट पोट धरून हसला.

चूक माझी होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. माझा हँग दर वेळी होत नव्हता. मोजलं तर सहा वेळा झोपवल्यावर साधारण एकदा. म्हणजे वाईट कर्नलसुद्धा सलग तीन वेळा सुखरूप उठण्याची शक्यता पाच-षष्ठांशचा घन, जवळजवळ ५८ टक्के. मी अर्ध्याहून जास्त वेळा चोराला सज्जनाचं प्रमाणपत्र देत होतो! 'वाईट' एका हँगनं सिद्ध होतं. 'चांगला' कधीच पूर्ण सिद्ध होत नाही, फक्त जास्त जास्त शक्य होत जातो. पुढच्या वीकांताला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. 'आरटीसीवेक' वापरून लॅपटॉप आपोआप झोपवायचा आणि उठवायचा, चाळीस वेळा. चाळीस वेळा वाचण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. फेरीला तास लागला, पण यावेळी १४ फेऱ्यांनंतर बोट थेट त्या वायफाय ड्रायव्हरच्या एका बदलावर आलं. तो बदल उलटवला, हँग गायब.

बायसेक्टची ही गंमत भल्याभल्यांना भोवलेली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेव्ह जोन्स यांना ३.१८ च्या चौथ्या आरसीत लॉकअप दिसू लागले. हा माणूस म्हणजे 'ट्रिनिटी' या कर्नलला छळणाऱ्या चाचणी-प्रोग्रामचा कर्ता, कुणी नवशिका नव्हे. पण हँग व्हायला कित्येक तास लागायचे, त्यामुळे 'चांगला' म्हणायचं कधी हाच प्रश्न. आठवडेच्या आठवडे शोध चालला, खुद्द लिनस तोरवाल्ड्स त्या चर्चेत उतरले. शेवटी ७ डिसेंबर २०१४ ला ३.१८ प्रकाशित झाला तेव्हाही उत्तर हाती नव्हतं. दोष जुना दिसतोय, बाकीच्यांना खोळंबून ठेवण्यात अर्थ नाही, अशा अर्थाचं तोरवाल्ड्स यांनी प्रकाशनाच्या घोषणेतच लिहून टाकलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. उत्तर नाही, तर नाही म्हणून सांगितलं. कुणाच्या तरी लॉगिनवर ढकललं नाही.

आता विरोधी पक्ष. 'स्टेबल'वाले शहाणे म्हणतात, डेव्हलपमेंट आवृत्ती धोकादायक असते. अगदी मान्य! यापेक्षा जास्त पुरावा मीच देतो. सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ च्या आरसी कर्नलांनी काही इंटेल नेटवर्क कार्डांच्या आतली मेमरीच बिघडवली. 'ई१०००ई' हा त्यांचा ड्रायव्हर. कार्ड कायमचं गप्प, रीस्टार्टनं काय, फॉरमॅटनंही परत येईना. उबुंटू, फेडोरा, ओपनसूसे सगळ्यांच्या चाचणी आवृत्त्यांत हा गोंधळ झाला. दोष ड्रायव्हरचा वाटला, पण निघाला कर्नलमधल्याच एका नव्या शोधयंत्रणेचा, डायनॅमिक एफट्रेसचा. मोकळ्या झालेल्या मेमरीत ती लिहीत होती, आणि त्याच पत्त्यावर आता कार्ड येऊन बसलेलं होतं. ज्यांनी कार्डाच्या मेमरीची प्रत आधी काढून ठेवली होती, त्यांना ती परत भरण्याची निदान सोय होती.

म्हणून नियम सरळ आहे. कामाच्या मशीनवर डेव्हलपमेंट आवृत्ती टाकू नका. ज्या डिस्कवर आईबाबांचे फोटो आहेत तिथे तर नाहीच नाही. जुना लॅपटॉप घ्या, बॅकअप ठेवा. पण २००८ ची गोष्ट नीट बघा. तो दोष चाचणीवाल्यांनी पकडला म्हणून ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ निघाला तेव्हा ड्रायव्हरमध्ये त्या मेमरीवर लिहिण्याची बंदी घातलेली होती. काही शे लोकांची कार्डं गेली असतील, लाखोंची वाचली. धोका त्यांनी घेतला आणि सुरक्षितता आपण वापरतोय.

आणि स्टेबल म्हणजे अमर असं वाटत असेल तर २०१२ आठवा. ३० जून २०१२ च्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या रविवारी पहाटे साडेपाचला, जागतिक वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. त्या एका सेकंदानं रेडिट, मोझिला, लिंक्डइन अशा ठिकाणचे लिनक्स सर्व्हर वेडेपिसे झाले. कर्नलच्या टायमरांचं घड्याळ एक सेकंद पुढे राहिलं, थोड्या वेळासाठी झोपणारे प्रोग्राम झोपताक्षणी जागे व्हायला लागले आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला. ही सगळी स्टेबल मशीनं होती, महिनोन्महिने तपासलेली. रीस्टार्टनं ती शांत व्हायची हे खरं. पण नुसती तारीख आहे तीच पुन्हा सेट केली तरी शांत व्हायची! हे कळलं कुणाला? ज्यांनी रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं आत डोकावलं त्यांना.

विरोधी पक्षातला दुसरा गट मला जास्त डोक्यात जातो. हे आपलेच लोक. अल्फा निघाली रे निघाली की टाकायची, नव्या डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट मित्रांना पाठवायचा, दोन दिवसांनी हँग झालं की 'थर्ड क्लास, काही टेस्टिंगच करत नाहीत' म्हणून शिव्या घालत परत. अरे बाबा, टेस्टिंग तूच होतास! डेव्हलपमेंट आवृत्ती फुकट नसते. तिची किंमत म्हणजे एक नीट लिहिलेली तक्रार. ती न देता वापरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवून आहेर न करता, वर वरणात मीठ कमी होतं म्हणत घरी जाणं.

आणि तक्रार म्हणजे 'माझा लॅपटॉप हँग होतो, प्लीज मदत करा, अर्जंट' नव्हे. कुठला कर्नल नेमका, कुठलं हार्डवेअर, शेवटचा चांगला कर्नल कुठला, काय केलं की होतं, किती वेळात किती वेळा होतं, आणि 'डब्ल्यू'ची पूर्ण यादी, तिचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो नव्हे. कर्नलमध्ये बाहेरचे बंद मॉड्यूल भरलेले असतील तर ते काढून पुन्हा बघा. नाहीतर कर्नल स्वतःवर 'टेंटेड'चा शिक्का मारतो आणि वाचणारा तिथेच सोडून देतो, रास्तपणे. कर्नलवाल्यांचा एक जुना नियम आहे. पूर्वी चालणारं नव्या आवृत्तीत मोडलं तर दोष बदलाचा, वापरणाऱ्याचा नव्हे. किती मोठा हक्क आहे हा! पण तो बजावायला पुरावा लागतो.

मी माझी तक्रार पाठवली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सांभाळणाऱ्याचं उत्तर. लॉकडेप चालू करून एकदा चालवशील का? हे २००६ मध्ये इंगो मोल्नार यांनी कर्नलात आणलेलं तपासनीस. कुठलं कुलूप कुठल्यानंतर घेतलं जातं याची ते वही ठेवतं, आणि डेडलॉक होऊ शकेल असा क्रम दिसला की प्रत्यक्ष हँग होण्याआधीच बोंब मारतं. (डेव्हलपमेंट आवृत्त्या कधीकधी संथ वाटतात ना, त्याचं एक कारण असे तपासनीस चालू ठेवलेले असतात हे.) चालू केलं. पहिल्याच झोपेनंतर त्यानं तेच दोन कारकून नावानिशी छापले. चार दिवसांत पॅच आला, मी चाळीस वेळा झोपवून बघितला, पुढच्या आरसीत तो आत गेला. त्या बदलाखाली 'रिपोर्टेड-बाय' म्हणून माझं नाव आहे. कोडची एकही ओळ मी लिहिली नाही. पण सहा वर्षांच्या नोकरीत लिहिलेल्या कुठल्याही कोडपेक्षा मला त्या ओळीचं जास्त वाटतं.

"क्लायंटच्या एसएलएमध्ये तुझा पंचनामा बसत नाही," असं आमचे मॅनेजर सर म्हणाले होते. मी घड्याळ लावून बघितलं. सराव असेल तर 'डब्ल्यू', 'एल', दहा सेकंदांनी पुन्हा 'डब्ल्यू', मग 'एस', 'यू', 'बी', सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत. सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर रिमोट कन्सोलवरून हेच जमतं. अडचण वेळेची नाही, सरावाची आहे. रात्री दोन वाजता, क्लायंट कॉलवर असताना, कुणी पहिल्यांदा सिसआरक्यू शिकत नाही. तो शिकायची जागा म्हणजे शनिवारी सकाळी, चहाबरोबर, घरचा जुना लॅपटॉप आणि त्यावर रोज नव्यानं मोडणारी डेव्हलपमेंट आवृत्ती. दुसरी कुठली प्रयोगशाळा तुम्हाला इतके अस्सल हँग फुकट देईल?

त्या मुलीनं त्या रात्री फोनवर सांगितलं होतं, लॉगिन होत नाही पण पिंग होतंय. आज कळतं की ते केवढं मोठं निदान होतं. कर्नल जिवंत आहे, वरच्या प्रक्रिया अडकल्यात. तिसरा प्रकार! एक 'डब्ल्यू' घेतला असता तर बहुधा पहिल्याच रात्री कळलं असतं, आणि आरसीएमध्ये तिच्या लॉगिनऐवजी एखाद्या कुलपाचं नाव आलं असतं. तिनं बरोबर बघितलं होतं. ऐकणारा झोपेत होता.

असो. रनबुकमध्ये रीस्टार्टच्या वर चार ओळी वाढवाव्यात म्हणून मी रीतसर चेंज रिक्वेस्ट टाकली आहे. पाच आठवडे झाले. सध्या ती 'इम्पॅक्ट अॅनॅलिसिस'साठी एकाकडे आहे, आणि तो म्हणतो दुसऱ्याची मंजुरी आल्याशिवाय बघणार नाही. दुसरा म्हणतो, आधी पहिल्याचं अॅनॅलिसिस येऊ दे.

हा डेडलॉक कुठलं बटण दाबून सोडवायचा, ते कळलं की लिहीन.

ता.क.: रूममेटनं काल माझ्याकडून ती चाळीस वेळांची स्क्रिप्ट मागून घेतली. त्याचा लॅपटॉप हल्ली झोपेतून उठत नाही म्हणे. स्टेबल आवृत्ती आहे. :-)